डावी टाकी उघडण्याआधी

एअर ट्रान्सॅट २३६ चा फॉरवर्ड दर काही महिन्यांनी फिरत येतो. दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान समुद्रावरून तरंगत आणून बेटावर उतरवणारा पायलट, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. हात जोडलेत ते योग्यच. पण त्या शेवटच्या १९ मिनिटांपेक्षा त्याआधीचे पावणेदोन तास मला जास्त महत्त्वाचे वाटतात. त्यावर कुणी बोलत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ नसेल तर खुशाल पुढे जा.

२४ ऑगस्ट २००१. टोरोंटोहून लिस्बनला निघालेलं एअरबस ए३३०, आत ३०६ माणसं, खाली रात्रीचा अटलांटिक. उजव्या इंजिनातली इंधनाची नळी तडकली. कॉकपिटमध्ये सुरुवातीला काय दिसलं असेल? इंधनाबद्दल काहीच नाही. दिसलं ते ऑइल! उजव्या इंजिनाचं ऑइल नेहमीपेक्षा थंड आणि त्याचा दाब जास्त. आता यामागचं कारण बघा. जेट इंजिनात ऑइल थंड करायचं काम इंधनच करतं, दोन्ही एकाच हीट एक्स्चेंजरमधून जातात. पुढे नळी फुटल्यामुळे तिथून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इंधन धो धो वाहायला लागलं, म्हणून ऑइल गार पडलं, आणि गार ऑइल घट्ट होतं म्हणून दाब चढला. आज घरी बसून हे चटकन कळतं. रात्री, समुद्रावर, कधी न पाहिलेले आकडे समोर असताना कळणं महाकठीण. वैमानिकांनी कंपनीच्या मेंटेनन्सवाल्यांशी रेडिओवर बोलून पाहिलं, पण उलगडा काही झाला नाही. त्यात शेपटीकडच्या टाकीतलं इंधन आपोआप पुढे येत राहिलं आणि उजवीकडची तूट झाकली गेली.

मग गळती सुरू झाल्यावर साधारण तासाभराने पडद्यावर सूचना आली: दोन पंखांतल्या इंधनात फरक पडलाय. साधी सूचना, भोंगा नाही की लाल दिवा नाही. अशा फरकावर ठरलेला उपाय आहे, क्रॉसफीड व्हॉल्व्ह उघडायचा आणि भरलेल्या बाजूचं इंधन दोन्ही इंजिनांना द्यायचं. तो त्यांना पाठ होता आणि त्यांनी तो आठवणीवरूनच केला, चेकलिस्ट न उघडता. त्या चेकलिस्टमध्ये स्पष्ट ताकीद होती की गळतीची शंका असेल तर हे करू नका. व्हॉल्व्ह उघडला आणि डावीकडचं धडधाकट इंधनही उजव्या इंजिनाच्या फुटक्या नळीतून समुद्रात जायला लागलं. सोसायटीच्या गच्चीवर एका टाकीची लाइन फुटलीय आणि आपण दुसऱ्या टाकीचा व्हॉल्व्ह त्याच लाइनवर सोडतोय, तसं.

गळतीची शंका आली की खरं काम सुरू होतं ते बेरजेने. आत्ता टाक्यांत किती आहे अधिक इंजिनांनी किती जाळलं, याची बेरीज निघताना भरलेल्या इंधनाइतकी आली पाहिजे. नाही आली, तर उरलेलं बाहेर गेलंय. मग क्रॉसफीड बंद ठेवायचा. गळती इंजिनाकडेच आहे असं ठरलं तर ते इंजिन बंद करायचं, नाही ठरलं तर कशालाही हात न लावता जवळचा विमानतळ गाठायचा. एक पंख जड, एक हलका, तसंच उडत राहायचं. आणि इथेच माणूस अडतो. समोर फरक दिसत असताना तो न मिटवता गप्प बसणं आपल्याला जमत नाही.

शिवाय 'टनावारी इंधन गायब' या आकड्यावर विश्वास बसणंच अवघड. निघताना गरजेपेक्षा जास्त इंधन घेतलं होतं, थोड्या वेळापूर्वीपर्यंत सगळं सुरळीत, मग संगणकच चुकत असेल असं वाटणं साहजिक. केबिन क्रूला खिडकीतून पंखाकडे बघायला सांगितलं. अंधारात काय दिसणार! आकड्यांवर विश्वास बसला नव्हता तरी ५:४५ ला त्यांनी विमान अटलांटिकमधल्या अझोरेस बेटांवरच्या लाजेस विमानतळाकडे वळवलं, आणि सगळे वाचले ते या निर्णयामुळे. थोडी नशिबाचीही साथ होती: गर्दीमुळे त्यांना त्या रात्री आधीच जरा दक्षिणेचा मार्ग मिळाला होता.

६:१३ ला उजवं इंजिन गेलं, ६:२६ ला डावं. लाजेस अजून ६५ सागरी मैल. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कॅप्टन रॉबर्ट पिशे आणि फर्स्ट ऑफिसर डर्क डेयागर यांनी फ्लॅपशिवाय (उतरताना वेग कमी ठेवायला पंखातून बाहेर काढायच्या पट्ट्या), सुमारे २०० नॉट म्हणजे ताशी ३७० किलोमीटर वेगाने विमान टेकवलं, टायर फुटले, काही जण जखमी झाले, गेला कुणी नाही. पुढच्याच वर्षी वैमानिक संघटनेचा पुरस्कार. पोर्तुगालचा तपास अहवाल आला २००४ मध्ये.

तो वाचल्यावर मला वैमानिक हीरो की खलनायक हा वादच पोरकट वाटतो. मूळ गडबड हँगरमधली. काही दिवस आधी इंजिन बदललं, उसनं आणलेलं इंजिन जुन्या रचनेचं निघालं. त्यावर नव्या रचनेची इंधननळी बसवली, हायड्रॉलिकची नळी मात्र जुनीच ठेवली. दोघींमध्ये जागा उरली नाही, एकमेकींवर घासत राहिल्या. याबद्दलचं सर्व्हिस बुलेटिन (उत्पादकाची लेखी सूचना) होतं, पण संगणकावर उघडता आलं नाही, आणि विमान लवकर सोडायची घाई होतीच. मेंटेनन्समध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, ही घाई ओळखीची आहे.

यानंतर नियमावली बदलल्या, संगणक इंधनाचा हिशोब ताडून इशारा देऊ लागले. झालं, प्रश्न मिटला? जून २०१६ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सचं मिलानला निघालेलं बोइंग ७७७ बघा. तिथे गळालेलं इंधन ऑइलमध्येच शिरत होतं, म्हणजे पुन्हा पहिली तक्रार ऑइलची. पडद्यावर इंधनाचे आकडे जुळत नसल्याचा संदेशही आला, तरी हिशोबाअंती गळती नाही असंच ठरलं. विमान सिंगापूरच्या चांगी विमानतळावर परत आलं आणि उतरल्यावर उजव्या पंखाला आग लागली. २४१ जण सुखरूप, अग्निशमन दलाची कृपा.

२००१ च्या त्या दोघांना सिम्युलेटरवर गळतीचा सराव कधीच मिळालेला नव्हता. इंजिन बंद पडण्याचा सराव मात्र सगळ्यांना नेमाने होतो, कारण तो घ्यायला सोपा. माझं म्हणणं एवढंच आहे की गळतीचाही सराव घ्या, आणि तो 'आता इंधन गळतंय' असं सांगून नको. ऑइलच्या विचित्र आकड्यांनी सुरुवात करा आणि पुढे तासभर वैमानिकांना काहीही सांगू नका.