‘रिले जोडणाऱ्याला काय कळणार?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘महोदय’ लिहावं की ‘महोदया’ हे ठरवता येत नाही, कारण आपण नाव दिलेलं नाही. तर्कशास्त्रातल्या विधानांच्या सूत्रांना (म्हणजे ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांनी जोडलेल्या अक्षरांना) प्रमाणरूपात, म्हणजे एका ठरलेल्या साच्यात, कसं आणायचं यावरच्या माझ्या ब्लॉगवरच्या मागच्या लेखाखाली आपण मंगळवारी रात्री जी प्रतिक्रिया टाकलीत, ती मी तीन वेळा वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गाभा इथे देतो. आपलं म्हणणं असं की प्रमाणरूप ‘एकमेव असतं’ हे माझं वाक्य चूक आहे. ‘आणि-रूप’ (आत ‘किंवा’ असलेले गट, बाहेरून ‘आणि’ने जोडलेले) आणि ‘किंवा-रूप’ (नेमकं उलट) हे शब्द बालिश आहेत, सरळ अनुक्रमे सीएनएफ आणि डीएनएफ म्हणावं. डीएनएफवरून सूत्र खरं होऊ शकतं की नाही हे एका नजरेत कळतं, मग सीएनएफचा अट्टहास कशाला. आणि शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं उतरवतो: ‘अंबडमध्ये रिले जोडणाऱ्या माणसाला वितरणाचा नियम लावल्यावर सूत्र किती फुगतं याची कल्पना नसणार हे उघड आहे, आधी चार पुस्तकं वाचावीत आणि मग लोकांना शिकवावं.’ (अंबड ही नाशिकची औद्योगिक वसाहत. रिले म्हणजे विजेनं चालणारा स्विच. वितरणाचा नियम म्हणजे कंस उलगडून ‘आणि’ आत, ‘किंवा’ बाहेर किंवा उलट नेणं.)

पहिला मुद्दा मान्य, आणि लेखात दुरुस्तीही केली आहे. ‘क किंवा (क नाही आणि ख)’ हे किंवा-रूप आहे, ‘क किंवा ख’ हेही किंवा-रूपच आहे. दोन्ही एकाच वेळी खरी आणि एकाच वेळी खोटी, पण लिखाण वेगळं. एकमेव असतं ते पूर्ण रूप. त्यात प्रत्येक गटात प्रत्येक अक्षर एकदा, साधं किंवा नकारासह, हजर असतं, आणि गटांचा क्रम सोडला तर ते एकच निघतं. सत्यता कोष्टकातल्या ज्या ओळींत सूत्र खरं ठरतं त्या ओळी उतरवून काढल्या की ते हातात येतं. मला तेच म्हणायचं होतं. ‘पूर्ण’ हा शब्द लिहायचा राहिला, ती चूक माझी. हे दाखवायला एक ओळ पुरली असती आणि त्या ओळीबद्दल मी आपले आभार मानले असते.

आता ते शेवटचं वाक्य.

त्यातला ‘उघड आहे’ हा शब्द मला लागला. १९९३ साली डिप्लोमा करून मी अंबडच्या एका पॅनेल वर्कशॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या वीज-नियंत्रणाच्या पेट्या बनवणाऱ्या कारखान्यात, लागलो आणि ११ वर्षं तिथे होतो. मी ते कधी लपवलेलं नाही. लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, तिथूनच आपण ते उचललंत. पण ‘हा रिले जोडत होता’ आणि ‘याला सूत्र फुगणं कळत नाही’ या दोन विधानांच्या मध्ये आपण एक जर-तर गृहीत धरलं आहे आणि ते सिद्ध करायची तसदी घेतलेली नाही. तर्कशास्त्रावरच्या प्रतिक्रियेत एवढी तरी अपेक्षा ठेवावी ना?

लेखात सूत्र फुगण्याबद्दल एकही वाक्य नाही, हे खरं आहे. तो लेख बारावीच्या मुलांसाठी होता, तीन अक्षरांच्या उदाहरणांपुरता. लेखात नाही म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोक्यात नाही, हे अनुमान कुठल्या नियमाने निघतं?

सूत्र फुगतं म्हणजे काय, हे मला कुठे कळलं ते सांगतो. चार स्टेशनांच्या एका यंत्राचं पॅनेल आमच्याकडे आलं होतं. प्रत्येक स्टेशनावर दोन लिमिट स्विच होते. एक, जॉब (यंत्रावर घडवायचा तुकडा) नीट बसला की दाबला जाणारा, दुसरा दरवाजा लागला की. कुठल्याही एका स्टेशनाचे दोन्ही स्विच दाबले गेले की यंत्र सुरू करायला परवानगी. वायरिंगला हे अगदी सरळ काम आहे. दोन कॉन्टॅक्ट (स्विचमधले विजेचे जोड) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, अशा चार जोड्या पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी, एकूण ८ कॉन्टॅक्ट. कागदावर लिहिलं तर (अ१ आणि ब१) किंवा (अ२ आणि ब२) किंवा (अ३ आणि ब३) किंवा (अ४ आणि ब४). म्हणजे आयतं किंवा-रूप.

पण ग्राहकाला तपासणीचा तक्ता हवा होता आणि त्यांच्या तक्त्याचा नमुना ठरलेला होता. प्रत्येक ओळ म्हणजे एक अट, आणि सगळ्या ओळींपुढे बरोबरची खूण झाली तरच परवानगी. ओळीच्या आत ‘किंवा’ चालेल, पण ओळ आणि ओळ यांच्यामध्ये ‘आणि’च. सीएनएफ हे नाव तेव्हा माझ्या कानावरूनही गेलेलं नव्हतं. त्या रात्री सिडकोतल्या खोलीवर मी चौकटीची वही घेऊन बसलो आणि प्रत्येक जोडीतून एकेक अक्षर उचलून ओळी लिहू लागलो. अ१ किंवा अ२ किंवा अ३ किंवा अ४. मग अ१ किंवा अ२ किंवा अ३ किंवा ब४. मग अ१ किंवा अ२ किंवा ब३ किंवा अ४. एकही निवड सुटू नये म्हणून समासात काड्या मारत होतो. पान संपलं तेव्हा १६ ओळी झाल्या होत्या. ८ कॉन्टॅक्टचं काम ६४ जागी पसरलं होतं. एकेक स्विच आठ-आठ ओळींत मागितला जात होता, आणि त्या लिमिट स्विचला एनओ (दाबल्यावर जोडणारा) कॉन्टॅक्ट असायचा एक. वितरणाचा नियम हातानं लावून त्याचा भार काय पडतो हे ज्याने असं मोजलं आहे, त्याला ते पुस्तकातल्या घातांकापेक्षा जास्त लक्षात राहतं. पाचवं स्टेशन आलं तर ३२ ओळी, सहावं आलं तर ६४, हे मला त्याच रात्री दिसलं. १० स्टेशनांना १,०२४. २० स्टेशनांना १०,४८,५७६. ही कल्पना मला ‘नसणार’, असं आपण लिहिलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वर्कशॉपमधल्या वयस्कर फिटरदादांनी ती वही पाहिली. आठवीपर्यंत शिकलेला माणूस. बोटानं ओळी मोजल्या आणि म्हणाले, ‘प्रत्येक स्टेशनाला आपला एक रिले दे ना बाबा. स्टेशन तयार आहे का, ते त्यालाच विचार. आठ जणांना कशाला विचारत बसतोस?’

आम्ही चार छोटे रिले टाकले. र१ची कॉइल अ१ आणि ब१ यांच्यामागे, र२ची अ२ आणि ब२ यांच्यामागे, तसंच पुढे. कॉइलला वीज मिळाली की रिले ‘ओढतो’. मग तक्ता असा झाला. प्रत्येक रिलेसाठी तीन ओळी: र१ ओढलेला नाही किंवा अ१ दाबलेला आहे, र१ ओढलेला नाही किंवा ब१ दाबलेला आहे, अ१ दाबलेला नाही किंवा ब१ दाबलेला नाही किंवा र१ ओढलेला आहे. पॅनेल तपासणारा माणूस मल्टीमीटर हातात घेऊन हेच विचारतो: उगाच तर ओढत नाही ना, आणि ओढायला हवा तेव्हा ओढतो ना. शेवटी एक ओळ: र१ किंवा र२ किंवा र३ किंवा र४. चार त्रिक बारा आणि एक, १३ ओळी. सोळाच्या तेरा झाल्या म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण याच रीतीनं १० स्टेशनांना ३१ ओळी लागतात आणि २० स्टेशनांना ६१. दहा लाख अठ्ठेचाळीस हजारांच्या जागी ६१.

या युक्तीला पुस्तकात त्सेइतिनचं रूपांतर म्हणतात. ग्रिगोरी त्सेइतिन या रशियन गणितज्ञाचा त्यावरचा निबंध १९६८ साली प्रसिद्ध झाला. सूत्राच्या प्रत्येक तुकड्याला नवं नाव द्यायचं, त्या नावाचा अर्थ दोन-तीन छोट्या ओळींत बांधून टाकायचा आणि पुढे तुकड्याऐवजी नाव वापरायचं. वाढ घातांकी राहत नाही, सूत्राच्या लांबीच्या प्रमाणात होते. यातली मेख आपल्याला माहीत असेलच, तरी लिहितो. नवं सूत्र जुन्याशी समानार्थी नसतं, कारण जुन्या सूत्राला र१ कोण हे ठाऊकच नाही. जुळतं ते इतकंच की जुनं खरं करता येत असेल तर नवंही करता येतं, आणि नवं येत असेल तर जुनंही. माझ्या लेखात मी ‘समानार्थी’ हाच शब्द सगळीकडे वापरला, कारण तिथे एकही नवं अक्षर आणलेलं नव्हतं. हा फरक मला पुस्तकातून फार उशिरा कळला, पण कळला तेव्हा समजावून घ्यावा लागला नाही. जास्तीचा रिले टाकला की पॅनेल बाहेरून तसंच वागतं, पण आतल्या टर्मिनलांची संख्या वाढते आणि ड्रॉइंग बदलतं, हे मी रोज पाहत होतो.

फिटरदादांना त्सेइतिन माहीत नव्हता, म्हणून त्यांना गोष्ट माहीत नव्हती असं म्हणणार का तुम्ही? तुमच्या वाक्याचा अर्थ तोच होतो. माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा, मी ब्लॉग चालवतो, ते ऐकून घेणं माझ्या वाट्याला आलेलं आहे. पण ‘रिले जोडणारा’ हे ज्या सुरात लिहिलंत त्यात सातपूर-अंबडमधली हजारो माणसं येतात. ती टीका नाही, हेटाळणी आहे, आणि ती मी माझ्या पानावर उत्तराशिवाय राहू देणार नाही.

आणि ‘चार पुस्तकं’. रिलेचं जाळं आणि तर्कशास्त्राचं सूत्र ही एकाच गोष्टीची दोन लिखाणं आहेत, हे अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननने एमआयटीतल्या आपल्या १९३७ सालच्या प्रबंधात दाखवलं; १९३८ साली त्यावरचा निबंध छापून आला. मी तो वाचला आहे. सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत झेरॉक्स प्रत घेऊन बसलो होतो आणि दोन संध्याकाळी माझी प्रत्येक आकृती उलटी येत होती. मग लक्षात आलं की शॅनन वाहणं मोजत नाही, अडथळा मोजतो. त्यामुळे त्याच्याकडे सिरीज म्हणजे बेरीज आणि पॅरलल म्हणजे गुणाकार. आज आपण नेमकं उलट लिहितो. दोन अडथळे एकामागे एक असले तर कुठलाही एक पुरतो, म्हणून तिथे ‘किंवा’. त्या उलटापालटीत डी मॉर्गनचे नियम (नकार कंसात नेला की ‘आणि’चा ‘किंवा’ होतो, ‘किंवा’चा ‘आणि’) जितके पक्के बसले तितके कुठल्याही क्लासात बसले नसते. (डी मॉर्गनचा जन्म १८०६ सालचा, आपल्याच देशात, मदुराईत. मुलांना हे सांगितलं की ती सरसावून बसतात.) तेव्हा पुस्तकं वाचावीत हा सल्ला मला देण्याआधी, मी काय वाचलं आहे ते विचारायला हवं होतं.

राहिलेल्या दोन मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही.

शब्दांचं म्हणाल तर माझ्याकडे शिकायला येणारी मुलं सिन्नर, निफाड, दिंडोरीहून एसटीनं येतात. ‘आणि-रूप’ म्हटलं की सगळ्यात बाहेरची जोडणी कुठली हे त्यांना नावातच कळतं. सीएनएफ हा शब्दही लेखात आहे, तिसऱ्या परिच्छेदात. तो आपल्या नजरेतून सुटला असावा.

डीएनएफचं म्हणाल तर तिथे एका नजरेत उत्तर मिळतं हे बरोबर, पण तिथवर पोचायची किंमत आपण धरलेली नाही. जिन्यातला दिवा घ्या, वर एक बटण आणि खाली एक, कुठलंही दाबलं की दिवा पालटतो. किंवा-रूपात २ गट होतात. अशी चार बटणं असतील तर ८ गट, दहा असतील तर ५१२, आणि आणि-रूपातही तितक्याच ओळी. काटकसर करायला जागाच नाही, कारण एकच बटण पालटलं तरी उत्तर पालटतं, म्हणून प्रत्येक गटात सगळी बटणं यावीच लागतात. अवघड प्रश्न डीएनएफमध्ये सोपा होत नाही, त्याचा अवघडपणा रूपांतराच्या कामात जाऊन बसतो. शिवाय प्रत्यक्षात अटी येतात त्या ‘हे हवं, आणि हेही हवं’ अशाच, ग्राहकाच्या त्या तक्त्यासारख्या. म्हणून सीएनएफ. यात अट्टहास कुठे आला?

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ‘एकमेव’च्या जागी ‘पूर्ण रूप एकमेव’ अशी दुरुस्ती केली आहे आणि ती एका वाचकाने सुचवली असं तिथे लिहिलंही आहे. नाव कळवलंत तर नावानिशी लिहीन. १३ ओळींचा तो तक्ता वरच दिला आहे. त्यातली एखादी ओळ चुकत असेल तर कुठली ते सांगा, त्याच दिवशी सुधारतो.