इलेक्ट्रॉन अणूंवर आपटत नाहीत हो!

तो मेसेज परत फिरतोय. "चिपमधे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने पळतात, वाटेतल्या अणूंवर आपटतात म्हणून चिप तापते, एन-टाइप सिलिकॉनवर निगेटिव्ह चार्ज असतो आणि होल ही नुसती कल्पना." एका दमात चार चुका.

वेगाचं आधी उरकतो. व्होल्टेज वाढवत नेलं तरी सिलिकॉनमधला ड्रिफ्टचा, म्हणजे इलेक्ट्रॉन एकंदर पुढे सरकण्याचा, वेग सेकंदाला साधारण १०० किमीपाशी अडकतो, प्रकाशाचा ३ लाख किमी. झटकन पोचतं ते इलेक्ट्रिक फील्ड, इलेक्ट्रॉन मागून रमतगमत.

आपटण्याचं चित्र तर डोक्यातून जातच नाही, माझ्याही बरीच वर्षं नव्हतं गेलं. पण १९२८ मधे फेलिक्स ब्लॉख या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की अणू शिस्तीत, ठराविक अंतरावर बसलेले असतील तर इलेक्ट्रॉनची लाट त्यांच्यातून न अडखळता पार जाते. शेजारच्या दोन अणूंमधे अंतर ०.२३५ नॅनोमीटर, आणि शुद्ध सिलिकॉनमधे साध्या तापमानाला इलेक्ट्रॉन काही दहा नॅनोमीटर सरळ जातो, म्हणजे शंभरेक अणू सहज मागे टाकतो, आता दर अणूवर आपटत असता तर हे जमलं असतं का? त्याला भरकटवते ती बिघडलेली शिस्त, म्हणजे उष्णतेने थरथरणारे अणू, अशुद्धी, क्रिस्टलमधले दोष. चिप तापते हे खरंच आहे, फील्डकडून मिळालेली एनर्जी इलेक्ट्रॉन त्या थरथरीला देऊन टाकतो.

निगेटिव्ह चार्जचं एका ओळीत: एन-टाइप म्हणजे किंचित फॉस्फरससारखं काही मिसळलेलं सिलिकॉन, आणि फॉस्फरसचा अणू १५ इलेक्ट्रॉन आणतो तसे १५ प्रोटॉनही आणतो, हिशोब शून्य. एन म्हणजे फिरणारे बहुतेक निगेटिव्ह, एवढंच.

राहिलं होल, म्हणजे इलेक्ट्रॉन नसल्याने उरलेली रिकामी जागा. लोक रांगेतल्या रिकाम्या खुर्चीचं उदाहरण देतात, सगळे एकेक खुर्ची सरकले की रिकामी जागा उलटी सरकते, म्हणजे खरे हलतात ते इलेक्ट्रॉनच. ऐकायला छान आहे, पण हॉल इफेक्टपुढे टिकत नाही. करंट वाहत्या पट्टीला आडवं मॅग्नेटिक फील्ड लावा, वाहणारे चार्ज एका कडेला ढकलले जातात, आणि करंटची दिशा तीच ठेवली तर निगेटिव्ह असोत वा पॉझिटिव्ह, कड तीच. नुसते साधे इलेक्ट्रॉनच खुर्च्या बदलत असते तर पी-टाइपमधेही (जिथे फिरणारे बहुतेक होल असतात) ती कड निगेटिव्ह झाली असती. मीटर लावून बघा, पॉझिटिव्ह येते.