एक टिंब कमी

सोमवारी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनरांना आपण अजून आहोत हे सरकारला कळवावं लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. काउंटरवरच्या मुलीने आधार कार्ड पाहिलं, स्क्रीन पाहिली, परत कार्ड पाहिलं.

“काका, आधारवर दौंडकर आहे. आमच्याकडे दौडकर.”

“दोन्ही मीच.”

“हो, पण हयात कोण आहे?”

पोरगी चेष्टा करत नव्हती. दौंडकर हयात आहे हे तिला समोर दिसत होतं. पेन्शन मात्र दौडकरची, आणि तो हयात असल्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. पाचशेच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र आणा म्हणाली. (शंभराच्या स्टँपचा जमाना ऑक्टोबर 2024 मध्येच संपला. महागाई टिंबालाही चुकली नाही.) तेही आणलं असतं गुमान. पण पलीकडच्या टेबलावरचा चष्मेवाला मान वर न करता म्हणाला, “बसा हो दौडकर, उगाच धावपळ करू नका.” अख्खं काउंटर हसलं. माझ्या मागे रांगेत उभे असलेले दोघेही हसले, ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता.

हा विनोद मी 1994 पासून ऐकतोय. ज्यांनी तो पहिल्यांदा केला, त्यांना निदान आपण विनोद करतोय हे ठाऊक नव्हतं.

तसं आमच्याकडे हे आडनाव काही चमत्कारिक नाही. खेड-शिरूर पट्ट्यात ग्रामपंचायतीपासून पतपेढीपर्यंत कुठेही हाक मारा, एखादा दौंडकर ओ देईलच. दौंडला मात्र आमच्यातलं कोणी राहत नाही. मी दौंड पाहिलं ते गाडीच्या खिडकीतून. मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन तिथे काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, तोवर उतरून चहा प्यायचा. म्हणजे ज्या गावावरून आमचं नाव पडलं, तिथे आगगाडीसुद्धा निवांत उभी राहायची. धावणं काय ते आमच्याच नशिबी.

फौजेत भरती झालो आणि ट्रेनिंगही पुण्यातच मिळालं. केंद्राचं नाव सांगत नाही, अजून कॅन्टीनला जावं लागतं. आमचे उस्ताद हरयाणाचे. मनाने चांगले, पण आवाज असा की ग्राउंडबाहेरची कुत्रीही सावधानमध्ये उभी राहत. पहिल्याच दिवशी फॉलिन झाल्यावर त्यांनी नावांची यादी हातात घेतली. यादी टाइप करणाऱ्या बाबूने माझा अनुस्वार खाल्ला होता.

“दौड़कर!”

“हाजिर, श्रीमान!”

“इधर आ।”

मी निघालो. ताठ, हात हलवत, सिनेमात पाहिलं होतं तसा.

“दौड़कर!”

“जी, उस्ताद।”

“अरे, दौड़कर!”

“जी, मैं ही हूँ, उस्ताद।”

उस्ताद गप्प झाले. हातातली काठी त्यांनी काखेत घेतली. फौजेत उस्ताद ओरडत असेपर्यंत सगळं ठीक चाललेलं असतं. घाबरायचं ते तो हळू आवाजात बोलायला लागला की.

“मैं क्या बोल रहा हूँ?”

“मेरा नाम, उस्ताद।”

“तेरा नाम किसने पूछा? मैं बोल रहा हूँ, दौड़कर आ!”

“आ रहा हूँ, उस्ताद।”

“तू चलकर आ रहा है!”

“नहीं उस्ताद, दौड़कर ही आ रहा है।”

पहिल्या रांगेतलं बीडचं एक पोरगं इथे फुटलं. त्याच्या हसण्यापायी सगळा प्लाटून फ्रंट रोल मारत ग्राउंडच्या त्या टोकाला जाऊन आला. मला मात्र उस्तादांनी समोरच उभं ठेवलं. त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं.

“बाप का नाम?”

सांगितलं.

“पूरा बोल।”

पूर्ण सांगितलं.

“बाप भी दौड़कर?”

“जी, उस्ताद।”

“दादा?”

“वो भी, उस्ताद।”

उस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, होती ती काळजी. “तेरे घर में कभी कोई बैठा नहीं?”

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. फौजेत दौड़कर या शब्दावाचून एकही हुकूम पुरा होत नाही. “शिंदे, दौड़कर आ!” म्हटलं की शिंदे जायचा आणि मीही जायचो. “दौड़कर पानी ला” हे पाण्याच्या बाटलीशेजारी उभ्या असलेल्या पोराला सांगितलेलं असायचं, आणणार मी. गेलो तर “तुझे किसने बुलाया” म्हणून रगडा, नाही गेलो तर नाव पुकारूनही आला नाही म्हणून रगडा. आराम एकाच वेळी मिळायचा, उस्ताद थम म्हणायचे तेव्हा. तसल्या आडनावाचा कोणी आमच्या तुकडीत नव्हता.

जळगावचा झोपे सुटला. नाव असं की फौजेत पहिल्या रात्री बोंब व्हायला हवी, पण हरयाणात त्याचा काही अर्थ लागेना, त्यामुळे सगळे त्याला अदबीने झोपे-झोपे करायचे. पोरगा बिचारा पहाऱ्यावर डोळ्याला डोळा लावत नसे. एकदाच पंचाईत झाली. रात्रीच्या गस्तीला एक मराठी सुभेदार साहेब आले. “गेटवर कोण आहे?” “झोपे, साहेब.” साहेब कडाडले, “मग उठवा त्याला!”

असो. हसू येतं, पण ते तिथवरच. बाबूची यादी पुढे गेली, तिच्यावरून छातीवरची पट्टी निघाली, पट्टीवरून ओळखपत्र, ओळखपत्रावरून पे-बुक. टिंब दुरुस्त करा म्हणून मी अर्ज केला तेव्हा कळलं की फौजेत नाव बदलायचं तर पार्ट टू ऑर्डर निघावी लागते. मी म्हटलं, साहेब, नाव बदलायचं नाही, आहे तेच हवंय. हेडक्लार्क म्हणाले, कागदावर आहे ते नाव, तू सांगतोस तो बदल. यावर काय बोलणार? त्यात माझी बदली झाली, मग त्यांची झाली, आणि अर्ज कुठल्या फायलीत दबला तो दबला. मोहरीएवढं टिंब, पण ते घराच्या कर्जात आडवं आलं, पोरीच्या प्रवेशात आलं, बायकोच्या कार्डावर आलं. ज्याने ते खाल्लं तो बाबू सुखाने रिटायर झाला असेल. त्याच्या पेन्शनमध्ये सगळी टिंबं जागच्या जागी असणार. टिंब गाळणारा कधी रांगेत उभा राहत नाही, हे मी लिहून देतो, पाचशेच्या स्टँपवर.

आणि उस्तादांवर माझा राग नाही, तेही उगाच नाही. पेन्शनीत आल्यावर विश्रांतवाडीला घर घेतलं. (हो, दौडकर राहतो विश्रांतवाडीत. हसून घ्या, पोस्टमनचं हसून झालंय.) त्याआधी भाड्याचं घर शोधत शहरात फिरलो. तिथे आडनाव विचारण्याची तऱ्हा निराळी. “दौंडकर का? अच्छा. म्हणजे तुम्ही मूळचे...?” आणि वाक्य मधेच सोडून, चहाचा कप हातात धरून, माणूस आपल्याकडे पाहत राहतो. पुढचं आपण भरायचं. गाव सांगितलं की “नाही, तसं नाही” म्हणतात. कसं, ते मात्र सांगत नाहीत. आपल्याला कुठल्या खणात ठेवायचं हे कळेपर्यंत त्या चहाचा घोट खाली उतरत नाही. मी एकाला म्हटलं, “मूळचा फौजी.” जागा दुसऱ्या कोणाला तरी दिली म्हणून दोन दिवसांनी निरोप आला. उस्तादांनी माझ्या आडनावातून फक्त माझे पाय बाहेर काढले. याहून खोल त्यांनी कधी पाहिलं नाही.

आता पुतण्या अग्निवीर म्हणून गेलाय. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढलं की पुरे 60 गुण, ते पठ्ठ्याने काढले. आडनावाला जागला म्हणायचं. त्याचे कागद मी स्वतः भिंगाखाली तपासले होते. दाखला, आधार, मार्कशीट, जिथे टिंब अंधुक होतं तिथे नवी प्रत काढायला लावली. “बाकी काही विसर,” म्हटलं, “टिंब विसरू नको.”

परवा रविवारी त्याचा फोन आला. उस्ताद मराठी आहेत, साताऱ्याकडचे. माझा जीव भांड्यात पडला.

“नाव नीट वाचलं ना रे?”

“नीट वाचलं काका, टिंबासकट.”

“मग आवाज असा का?”

“त्यांनी विचारलं, दौंडला शेवटचा कधी गेला होतास? म्हटलं, कधीच नाही गेलो. तर आता ग्राउंडच्या पार पलीकडे एक वड आहे, त्याचं नाव त्यांनी दौंड ठेवलंय. पीटी संपली की सगळ्यांना लाइन तोड, आणि मला म्हणतात, जा, दौंडला जाऊन ये.”

“मग जायचं. पाय तयार होतात.”

“जातोच की. काल धापा टाकत परत आलो, तर घड्याळ बघून म्हणाले, का रे, पाटसला सिग्नल मिळाला नाही का?”