नवा रंग दिसला की माझ्या पोटात गोळा येतो

आज भाचीबरोबर नाशकात पंडित कॉलनीच्या मागच्या बाजूला एक फ्लॅट बघायला गेले होते. तिसरा मजला, वर थेट गच्ची, लिफ्ट नाही, इमारत पस्तीसेक वर्षांची. दार उघडल्याबरोबर ताज्या डिस्टेंपरचा वास. भाची खूश, "मावशी, किती स्वच्छ आहे ना!" मी चप्पल काढली, थेट बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीशी गेले आणि टिचक्या मारायला लागले. एजंट हसत म्हणाला, "काकू, टरबूज घ्यायला आलात का?"

मला हसू आलं नाही.

जवळच्यांना पैठणीची गोष्ट माहीत आहे, बाकीच्यांनी ऐका. 2011 च्या मे महिन्यात आम्ही असाच ताजा रंग बघून गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत घर भाड्याने घेतलं. भिंतीतलं कपाट होतं, तेवढ्यावर मी भाळले. आईची येवल्याची पैठणी मलमलीत गुंडाळून सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली. गौरी-गणपतीला काढायला गेले, तर काठावर काळे ठिपके आणि पदराची जर शेणासारखी. कपाटामागे डक्ट होता, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी. डक्टमध्ये वरच्या मजल्याचा बिडाचा जुना पाइप, सांध्यातून गळणारा. मालकांना फोन केला तर म्हणाले, "तुम्ही घरात ओले कपडे वाळवत असाल."

म्हणून मी टिचक्या मारते हो! प्लास्टर घट्ट असेल तर टणक वाजतं, भिंतीपासून सुटलं असेल तर ढब वाजतं. आजची भिंत खिडकीखाली ढब वाजली. फर्निचर आलं की ती भिंत पुन्हा दिसत नाही, दिसते ती थेट जुलैत. आणि आपल्याकडे सगळे घरं शोधतात मे महिन्यात, शाळा-नोकरीच्या हिशोबाने. मे महिन्यात नाशकातली कुठलीही भिंत सज्जनच दिसते. रंग नवा असला तरी सज्ज्याच्या खालून, खिडकीच्या कोपऱ्यातून, बाथरूमच्या मागच्या बाजूने हात फिरवा. लोणा लागला असेल तर बोटाला मिठासारखी पांढरी भुकटी येते. रंगाखालून ती बाहेर यायला वेळ लागतो, पण येतेच.

जिन्यातून उतरताना बीमकडे बघितलं. खालच्या बाजूने सळईच्या रेषेत सरळ चीर गेलेली, कडेला तांबूस डाग. आत पाणी शिरलं की सळई गंजते, गंजली की फुगते आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून देते. केसासारख्या बारीक, जाळीदार चिरा प्लास्टरच्या असतात, त्यांना मी घाबरत नाही. ही चीर तशी नव्हती. मी विचारलं, इमारतीला तीस वर्षं होऊन गेलीत, कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करावं लागतं, झालंय का? तर हा पोरगा म्हणतो, "काकू, ते विकत घेणाऱ्यांनी बघायचं असतं, भाडेकरूला काय करायचंय?"

इथे माझं डोकं सटकलं. स्लॅब पडताना इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा, बघून पडतो का रे बाबा? खाली कोण झोपलंय, मालक की अकरा महिन्यांचा भाडेकरू, हे त्याला कळतं का? डिपॉझिट मोजून घ्यायचं, दलाली म्हणून एक महिन्याचं भाडं घ्यायचं आणि भाडेकरूने भिंतीला हात लावला की तो आगाऊ! वर "करार नोटरी करून टाकू, रजिस्ट्रेशनचा खर्च कशाला." भाडेकराराची नोंदणी करून देणं ही मालकाची जबाबदारी आहे, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं लिहिलंय. हे ऐकल्यावर तो मोबाइल बघायला लागला.

गच्चीची किल्ली म्हणे चेअरमनकडे आणि चेअरमन झोपलेले. साडेअकरा वाजता! रस्त्यावरून मान वर करून बघितलं तर कठड्यातून पिंपळ निघालेला, चांगला हातभर. त्याची मुळं कुठवर गेली असतील ते तुम्हीच सांगा. स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा नळ एकदम सोडून बघितला, बाथरूमची धार करंगळीएवढी. गंगापूर धरण शंभर टक्के भरलं म्हणून आपण फोटो टाकतो, पण खालच्या हौदातून पाणी वर चढवणारी मोटर जळली आणि वर्गणीवरून भांडण लागलं की धरणाचा काय उपयोग? गीझरच्या सॉकेटभोवती तपकिरी डाग होता. त्यावर मी काही बोललेच नाही, एजंटची दया आली.

याआधी एक तळमजला दाखवला होता, गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या बाजूला. तिथे 2016 च्या ऑगस्टचा पूर कुठवर आला होता ते शेजाऱ्यांनी भिंतीवर बोट ठेवून दाखवलं. तो विषय तिथेच संपला.

बरं, मान्य. सगळ्या जुन्या इमारती अशा नसतात, आणि नव्यांचंही काही फार कौतुक नको. आजच्या त्या घरात भर दुपारी पंखा न लावता वारा येत होता, खोल्या ऐसपैस, कडाप्प्याचा ओटा अजून ठणठणीत. मालकीणबाई म्हणे एकट्या आहेत, भाड्यावर घर चालतं. त्यांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग एकटीच्या खिशातून कसं करायचं, हेही आहेच. तिथे मी जरा नरमले.

पण मग दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पाणी प्यायला बोलावलं. एजंट खाली फोनवर होता. मी म्हटलं, वरचं घर छान रंगवलंय. आजी म्हणाल्या, "हो ना. दर मे महिन्यात रंगवतात. तेवढ्यात नवीन माणसं येतात."

भाचीने ऐकलं, पण तिला खिडकीतलं गुलमोहराचं झाड आवडलंय. संध्याकाळी घरी आली तेव्हा म्हणाली, मालकीणबाई हजार रुपये कमी करायला तयार आहेत, मावशी. मी वाद घातला नाही. कपाट उघडून पैठणी काढली, घडी मोडली आणि काठ तिच्या नाकाशी धरला. इतकी वर्षं दर दसऱ्याला ऊन दाखवतेय, तो वास अजून आहे. ती काही बोलली नाही. टेबलावर तिचा फोन वाजतोय, एजंटचाच आहे, आणि अजून तिने उचललेला नाही.