एक लाख लुमेन, फक्त 499 रुपयांत

टॉर्च घ्यायची म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "मोबाइलला आहे की!" आहे ना. चार पावलांपुढचं काही न दाखवणारी, आणि वीज गेल्यावर ज्या फोनवरून महावितरणकडे तक्रार करायची त्याचंच चार्जिंग पिणारी. तेव्हा टॉर्च वेगळीच हवी, इथपर्यंत मी ठाम असतो. ऑनलाइन शोधायला बसलं की ठामपणा संपतो.

कारण तिथे 499 रुपयांत एक लाख लुमेन मिळतात. लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. गाडीचा साधा एच-4 हॅलोजन बल्ब अप्परला 1650 लुमेन देतो. म्हणजे दोन-दोन बल्बांच्या तीस गाड्यांचे अप्पर खिशात घालून हिंडायचं, तेही एका बोटाएवढ्या सेलवर!

हा सेल बहुधा 18650 असतो: व्यास 18 मिमी, लांबी 65 मिमी. नामांकित कंपनीचा चांगला सेल साडेतीन हजार एमएएचच्या (सेलात किती वीज मावते त्याचं माप) आसपास थांबतो. वेष्टनावर 9900 छापलेलं असेल तर तो सरळ वाण्याच्या काट्यावर ठेवावा. खरा सेल 45 ग्रॅमच्या मागेपुढे भरतो, नकली बरेचदा तिशीतच आटोपतो. अशा काही सेलांच्या पोटात एक पिटुकला सेल आणि बाकी पांढरी पूड निघालेली आहे. खात्री करायला घरी फोडू मात्र नये. लिथियम पेट घेतं.

प्रामाणिक कंपन्या खोटं बोलत नाहीत, पण बारीक अक्षरात बोलतात. खोक्यावर 'एएनएसआय एफएल-1' हे टॉर्च मोजण्याचं अमेरिकी मानक असेल तर 200 मीटर पल्ल्याचा अर्थ एवढाच की तिथे पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पोचेल. त्या चांदण्यात 200 मीटरवरचा माणूस ओळखायचा की नुसता घाबरायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. लुमेन मोजतात ते पेटवल्यानंतर 30 सेकंद ते 2 मिनिटांच्या आत. पुढे टॉर्च तापली की आपोआप मंद होते. चालण्याची वेळ धरतात ती उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतची.

म्हणून मी कमाल उजेडाआधी किमान उजेड बघतो. रात्री दोनला बाथरूमला जायला पाचेक लुमेन पुरतात. स्वस्त टॉर्चला बटण एकच: जोरात, मंद, मग भकभक. बंद करायची तरी भकभकीतूनच जावं लागतं, आणि तोवर अख्खं घर डिस्कोला उठलेलं असतं. शेवटची पातळी लक्षात ठेवणारी टॉर्च घ्यावी.

रंगाकडे तर कुणी बघतच नाही. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा मोठा तितका उजेड निळसर. 6500 केल्विनचा निळसर उजेड दुकानात झगझगीत दिसतो. रात्रपाळीच्या विजेवर मोटर चालू करायला बांधावरून जाणाऱ्याला मात्र घोणस आणि पाचोळा एकाच रंगाचे दिसून चालत नाही. त्याला 4000 ते 5000 केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप) 90 आणि पायाशी पसरणारा झोत हवा. पुढची नळी ओढून झूम करायच्या टॉर्चचा झोत आवळला की भिंतीवर एलईडीचा चौकोन उमटतो. चौकोनाबाहेरच्या सापाची जबाबदारी कंपनी घेत नाही.

पहिली टॉर्च म्हणून माझं मत: एक 18650, टाइप-सी चार्जिंग, हजारेक लुमेन, बजेट दीड ते अडीच हजार. आईवडिलांसाठी मात्र दुकानात कुठेही मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारी. त्यात अल्कलाइन सेल वर्षभर विसरू नयेत. ते पाझरतात, स्प्रिंग खातात आणि मागचं झाकण जागीच चिकटवून टाकतात. रिचार्जेबल निकेल सेल बरे. सॅकमध्ये टाकताना झाकण पाव आटा सैल करावं. आट्यांवर अॅनोडायझिंग, म्हणजे वीज न वाहू देणारा थर, असेल तर तेवढ्याने सर्किट तुटतं. नाहीतर आत दाबून पेटलेली टॉर्च कपड्यांना भोक पाडते.

आणि नवी टॉर्च चार्जच होत नाही म्हणून लगेच परत पाठवू नये. स्वस्त टाइप-सी सॉकेटात बरेचदा दोन बारके रेझिस्टर वाचवलेले असतात. त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल तिला वीजच देत नाही. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल लागते. ती घरात असते. पण कपाटामागे पडलेली, आणि तिथे बघायला टॉर्च लागते.