नफा पातळ आहे, म्हणूनच क्रूला सांभाळायला हवं

पायलटांनी रोस्टरबद्दल (ड्युटीच्या वेळापत्रकाबद्दल) किंवा पगाराबद्दल तोंड उघडलं की एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: विमान कंपन्यांचा नफा नावालाच असतो, तेव्हा माणसांवरचा खर्च कापणं भागच आहे, युनियनच्या नादी लागलेल्या कंपन्या बुडतात, लाखांनी पगार घेणाऱ्यांना जमत नसेल तर दुसरे मिळतील, आणि प्रवासी शेवटी तिकिटाची किंमतच बघतो.

नफा पातळ आहे हे खरं. बऱ्या वर्षातही जगभरातल्या विमान कंपन्यांच्या हाती शंभर रुपयांमागे तीन ते पाच रुपयेच उरतात. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ उलटा आहे. विमान कमावतं ते हवेत असताना. गेटवर उभं असलं तरी त्याचा हप्ता चालूच असतो. उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतची मिनिटं वाचवायची, तर ती ग्राउंड स्टाफ आणि क्रूच वाचवू शकतात. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या साउथवेस्ट या विमान कंपनीला चारपैकी एक विमान विकावं लागलं. उरलेल्या तिनांत जुनंच वेळापत्रक चालवायचं, तर उतरलेलं विमान दहा मिनिटांत परत निघायला हवं होतं. सामान उतरवणं, इंधन भरणं, केबिन आवरणं, सगळं एकाच वेळी सुरू व्हायचं आणि ‘हे माझं काम नाही’ म्हणायला कुणाला सवडच नसायची. असं काम धाक दाखवून करून घेता येत नाही. कंपनीने १९७३ मध्ये कर्मचाऱ्यांना नफ्यात वाटा द्यायला सुरुवात केली आणि तेव्हापासून २०१९ पर्यंत सलग ४७ वर्षं ती नफ्यात राहिली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर इतर मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी हजारोंना घरी बसवलं, साउथवेस्टने एकालाही नाही.

आणि याच साउथवेस्टचे बहुसंख्य कर्मचारी युनियनचे सभासद आहेत. युनियनने कंपनी बुडवली म्हणून दाखला दिला जातो तो अमेरिकेतल्याच ईस्टर्न एअरलाइन्सचा: १९८९ मध्ये संप, १९९१ मध्ये टाळं. त्याआधी मालक फ्रँक लोरेन्झो यांनी पगारकपातीसाठी कर्मचाऱ्यांशी उभा दावा मांडला होता आणि ईस्टर्नची आरक्षण यंत्रणा आपल्याच मूळ कंपनीकडे वळवली होती, हे मात्र कुणी सांगत नाही. लोरेन्झो यांच्याच ताब्यातल्या कॉन्टिनेंटल या दुसऱ्या विमान कंपनीने १९८३ मध्ये दिवाळखोरीचा आधार घेऊन युनियनबरोबरचे करार मोडले. १९९० मध्ये ती पुन्हा दिवाळखोरीत गेली. १९९४ मध्ये गॉर्डन बेथ्यून तिच्या प्रमुखपदी आले. त्यांनी जाहीर केलं की ज्या महिन्यात आपण वेळ पाळण्यात पहिल्या पाचांत येऊ, त्या महिन्यात प्रत्येक कर्मचाऱ्याला ६५ डॉलर. उशिरामुळे हुकलेल्या पुढच्या विमानांचा, प्रवाशांच्या हॉटेलांचा खर्च या बक्षिसापेक्षा कितीतरी जास्त होता. तळाला असलेली कंपनी काही महिन्यांत वर आली, आणि १९९४ चा ६० कोटी डॉलरवरचा तोटा जाऊन १९९५ मध्ये २२ कोटींचा नफा झाला. एकट्या बक्षिसाने हे झालं नाही, तोट्यातले हवाई मार्गही बंद केले गेले. पण वेळ पाळणारी माणसं तीच होती.

‘दुसरे मिळतील’ हे म्हणायला सोपं आहे. एअरबस ए-३२० चा पायलट दुसऱ्या दिवशी बोइंग ७३७ उडवू शकत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण, सिम्युलेटर आणि परीक्षा लागते. कॅप्टन घडायला तर वर्षं जातात. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोचं जे झालं ते आठवा. पायलटांची आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीची लँडिंग कमी करणारे नियम खूप आधी जाहीर झाले होते. तरी ते लागू झाल्यावर पायलट पुरेनात आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. नियोजन चुकल्याचं कंपनीनेच मान्य केलं.

लाखांच्या पगाराचं म्हणाल, तर तो सगळ्यांना नसतो. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० जण गेले. को-पायलटचा वर्षाचा पगार २४ हजार डॉलरहूनही कमी होता. ती सिएटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कला ड्युटीवर आली होती आणि क्रू रूममध्येच थोडीफार झोपली होती. अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनची चूक हे खरं, पण थकव्याने दोघांच्याही कामावर परिणाम झाला असावा, असं चौकशीत म्हटलं आहे.

राहिला प्रवासी. तो किंमत बघतो, पण विमान उडणार हे गृहीत धरून. साउथवेस्टच्या पायलटांची संघटना क्रूच्या ड्युट्या लावणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरबद्दल वर्षानुवर्षं बजावत होती. त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात कुठला क्रू कुठे आहे हेच कंपनीला कळेना, आणि पायलट तासन् तास फोन धरून बसले. सुमारे १६,७०० उड्डाणं रद्द झाली. कंपनीला त्याचा फटका १०० कोटी डॉलरच्या वर बसला, आणि २०२३ मध्ये सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड ठोठावला.