उशीत तोंड खुपसून ऐकलेल्या कादंबऱ्या

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

बाबांना भेटायला त्यांचे एक जुने सहकारी आले होते. डोळ्याची चौकशी झाली, औषधांची झाली, मग त्यांची नजर पलंगाशेजारच्या स्टुलावर गेली. तिथं महिनाभरात वाचलेल्या कादंबऱ्यांची चळत. वरची त्यांनी दोन बोटांत उचलली, कुणाचा तरी ओला रुमाल उचलावा तशी, आणि मला म्हणाले, "सरांना हे वाचून दाखवतेस? अगं, एवढा वेळ मिळालाय तर काहीतरी चांगलं वाच."

मी हसले. हो, हसले! त्याचाच राग येतोय अजून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑक्टोबर लागला आणि बाबांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं. त्यात डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो वर तरंगतो आणि पडद्याला दाबून धरतो, पण त्यासाठी माणसानं उपडं पडून राहायचं. बाबा कितीतरी दिवस उपडे. कपाळ उशीला टेकलेलं, वाचणं बंद. आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस, त्याला वाचू नका म्हणणं म्हणजे काय ते तुम्ही समजू शकता. म्हणून रात्री मी वाचायचे. माझ्यासमोर त्यांचा चेहरा नाही, डोक्याची मागची बाजू. विरळ पांढरे केस आणि दोन कान.

पहिल्या रात्री मी त्यांच्याच कपाटातली एक वजनदार, मानसन्मान मिळालेली कादंबरी काढली. नाव सांगत नाही, उगाच भांडणं होतील. चौथ्या पानावर बाबा घोरायला लागले. दुसऱ्या रात्री तिसऱ्याच पानावर. तिसऱ्या रात्री मी वैतागून माझं पुस्तक उघडलं, अगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'. १९२६ सालचं. त्यात निवृत्त होऊन भोपळे पिकवणारा गुप्तहेर पॉयरो चिडून एक भोपळा भिंतीपलीकडे भिरकावतो आणि तो शेजारच्या डॉक्टरच्या बागेत येऊन पडतो. उशीतून खुसखुस ऐकू आली. मी थांबले, म्हटलं दुखतंय की काय. "वाच गं पुढे," उशी म्हणाली.

त्यातच डॉक्टरची बहीण आहे. घराबाहेर न पडता सगळ्या गावाची खबर ठेवणारी. बाबा म्हणाले, "आत्याच आहे तुझी." त्या आठवड्यात बाबांनी चार वेळा खुनी ओळखला आणि चारही वेळा चुकले. शेवट वाचून झाल्यावर बराच वेळ शांतता. मग उशीतून आवाज आला, "फसवलं बाईनं."

हे त्या गृहस्थांना सांगायला हवं होतं मी. भोपळ्याचं तरी सांगायला हवं होतं.

आणि मला कुणी सांगू नका की लोकप्रिय म्हणजे सोपं. शेवट कळल्यावर मागं जाऊन पाहिलं तर प्रत्येक वाक्य आपापल्या जागी चोख बसलेलं. असं एक पान लिहून दाखवा म्हणावं.

बरं, सगळ्या चांगल्या होत्या असं माझं म्हणणं नाही. मोठ्यानं वाचलं की कादंबरी उघडी पडते. मनात वाचताना डोळा कंटाळवाणी वाक्यं गाळून पुढं पळतो, जिभेला ती सोय नाही. 'द दा विंची कोड' मी पूर्वी एका बैठकीत संपवली होती आणि लोकांना भेट देत सुटले होते. आता वाचताना लाज वाटली. शंभराहून जास्त प्रकरणं आणि जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी कुणाला तरी धक्का. जिवावर उठलेली माणसं मागं लागलीत आणि हे नायक-नायिका मध्येच थांबून इतिहासाचा तास घेतायत! बाबा म्हणाले, "पळा रे आधी, मग शिकवा." तरी "आजच्यापुरतं पुरे" असं ते एकदाही म्हणाले नाहीत, हेही खरं. त्या लेखकाला काहीतरी येतं जे इतरांना येत नाही. घ्या, केलं कबूल.

'द अल्केमिस्ट'बद्दल मात्र माझं मत तुमच्यातल्या निम्म्यांना आवडणार नाही. मला ती कादंबरी वाटतच नाही. मेंढपाळ पोरगा खजिन्याच्या शोधात पिरॅमिडपर्यंत जातो, आणि वाटेत भेटेल तो त्याला उपदेश करतो. राजा उपदेश करतो, वारा करतो, वाळवंट करतं. मनासारखं व्हावं म्हणून अख्खं विश्व खटपट करतं म्हणे. ज्यांच्या मनासारखं झालं नाही त्यांनी काय मनापासून मागितलंच नव्हतं? हे वाक्य उपड्या पडलेल्या माणसासमोर मोठ्यानं वाचून बघा एकदा. मी ती ओळ गाळली. बाबांना कळलं असावं, बोलले नाहीत.

त्यातला काचसामानाचा व्यापारी तेवढा खरा. मक्केला जायचं स्वप्न आहे, आता पैसेही आहेत, पण जात नाही. गेलो तर मग जगायला काय उरेल, ही भीती. त्या पानावर बाबांनी मान जराशी वळवली. वळवायची नव्हती, मी ओरडले.

'मृत्युंजय' हा बाबांचा हट्ट. अख्खी नाही, ते सांगतील ते भाग. आता मला अनफ्रेंड करा हवं तर, पण कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण, सगळे आपापली कहाणी सांगतात आणि सगळे एकाच आवाजात सांगतात. सूर्य उगवला तरी चार उपमा सोबत घेऊनच उगवतो. हे मी बाबांना म्हटलं. ते म्हणाले, "मोठ्यानं वाच आणि मग बोल." वाचलं. पाचव्या मिनिटाला माझाच आवाज चढला होता, पाठ ताठ झाली होती. १९६७ पासून लोक ही कादंबरी उराशी का धरून बसलेत ते कानाला कळतं, डोक्याला अजून पटलेलं नाही.

या महिन्यातली खरी कादंबरी 'रिबेका'. डॅफ्नी द्यू मॉरिए, १९३८. इंग्रजी अडलं की तिथल्या तिथं मराठी करून सांगत होते, पण इथं ते जमेना. दा विंचीचं काही बिघडलं नव्हतं, हिचं दर वाक्याला बिघडत होतं. गोष्ट सांगणाऱ्या मुलीला शेवटपर्यंत नाव मिळत नाही. मोठ्या घरात नवी नवरी म्हणून येते, तिच्या हातून चिनी मातीची एक छोटी मूर्ती फुटते आणि ती तुकडे गोळा करून खणात लपवते. घराची मालकीण, आणि नोकरांना घाबरून लपवते!

ते वाचून झालं आणि बाबा म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. मग उशीतूनच सांगायला लागले. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते शिक्षकांच्या खोलीत रहस्यकथा वाचायचे, वर व्याकरणाच्या पुस्तकाचं कव्हर घालून. कुणी आलं की खणात. "मला वाटायचं, सगळे मोठमोठं वाचतायत, मीच एकटा असला." इतकी वर्षं हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला तर घरात असली पुस्तकं आणायची बंदी होती! मी काही बोलले नाही. काय बोलणार होते, त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूशी?

तर आता खरं सांगते राग कशाचा आलाय. त्या गृहस्थांचा नाहीच. ते "काहीतरी चांगलं वाच" म्हणाले तेव्हा बाबा तिथंच होते. आता त्यांना बसायची परवानगी आहे, उशीला टेकून बसले होते. आणि म्हणाले काय? "पोरगी वाचते तिचं काहीतरी, मी आपला पडल्या पडल्या ऐकतो."

तिचं काहीतरी! परत कव्हर घातलं. या वयात, घरात, माझ्यासमोर. रोज रात्री "अजून एक प्रकरण, एकच" म्हणणारा हा माणूस.

संध्याकाळपासून मी त्यांच्याशी मोजून बोलतेय. त्यांना कळलंय. सध्या 'ड्रॅक्युला' चालू आहे, १८९७ ची, डायऱ्या, पत्रं आणि तारांतून सांगितलेली. किल्ल्यातली सुरुवातीची चार प्रकरणं अजून अंगावर येतात. काउंट रात्री खिडकीतून निघून भिंतीवरून खाली डोकं करून सरपटत उतरतो, तिथं बाबा म्हणाले होते, "माझ्यासारखाच उपडा." पण पुढं काउंट गायब आणि त्याच्या मागावरच्या म्हाताऱ्या प्रोफेसर व्हॅन हेल्सिंगची भाषणं सुरू. त्या भाषणांपुढं शाळेतलं स्नेहसंमेलन बरं.

आज वाचणार नाही असं ठरवलं होतं. इकडं हे टाइप करतेय आणि आतून दुसऱ्यांदा हाक आलीय. "झालं का गं तुझं? त्या म्हाताऱ्याचं भाषण सोडून दे, पुढचं वाच."